चिवड्याखालची पाकिटं

॥ श्री ॥
वाराणसी, २० नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,
वासूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फराळाचा डबा परवा मिळाला. चकल्या एकूण एक मोडल्या आहेत, पण चव तुझ्याच हातची. अनारसे संपदानं माझ्यापासून लपवून ठेवलेत. आणि चिवड्याच्या पिशवीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली सिगारेटची वीस पाकिटं होती, तीही सुखरूप पोहोचली. पोस्टमननं डबा हुंगून पाहिला असता, तर काशीच्या भटजीला मिरजेहून कसला प्रसाद येतो ते साऱ्या गल्लीला कळलं असतं.

हसण्यावारी नेतो आहे, पण यावेळी ती पाकिटं बघून मला बरं वाटलं नाही. गेल्या आठवड्यात भोसले घाटावर सोलापूरच्या एका कुटुंबाचं श्राद्ध होतं. संकल्प सांगताना मला श्वास पुरेना. तीनदा थांबलो. शेवटी यजमानांनीच माझ्यापुढे पाण्याचा तांब्या केला. त्यांना वाटलं गुरुजींचा उपास असेल. संपदानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ओढत दवाखान्यात नेलं. तिथं एका नळीत फुंकायला लावलं. डॉक्टरीणबाई तुझ्या लेकाच्या, ऋतुराजच्या वयाच्या असतील. त्या म्हणाल्या की मी चोपन्न वर्षांचा असलो तरी माझी फुप्फुसं पंच्याहत्तरीची आहेत. सिगारेट आता सोडली तर उरलंसुरलं टिकेल, नाहीतर दोन-तीन वर्षांत घाटाच्या पायऱ्या विसरा.

घोडं इथंच अडलंय. दारू सोडून मला आज पंधरा महिने झाले. ते पंधरा महिने मी सिगारेटला धरून काढले, हे तुलाही ठाऊक आहे नि संपदालाही. म्हणून तर तू डब्यातून पाठवतेस आणि ती रोज सकाळी चहाच्या बशीशेजारी नवं पाकीट ठेवते. व्यसनमुक्तीच्या घरात होतो तेव्हा फोन काढून घेतले होते. तुझी पत्रं आणि सिगारेट, एवढंच बाहेरून यायचं. पत्रांची सवय आपल्या दोघांना तेव्हाची. ती सोडायला अजून कुणी सांगितलेलं नाही, हे नशीब.

आमची मंडळी बुधवार-रविवारी मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत एका शाळेच्या खोलीत जमते. सगळे एकेकाळचे पट्टीचे पिणारे. बैठक संपली की पायऱ्यांवर बसून सगळे मिळून असा धूर करतात की खालचे नावाडी मान वर करून बघतात. आमच्यातले सर्वांत जुने सुमंतराव. बँकेतून निवृत्त झालेत, सतरा वर्षांत दारूचा थेंब नाही. मला हात धरून तिथं बसवलं ते त्यांनीच. ते म्हणतात, आत्ता सिगारेटला हात लावू नकोस, दोन्ही सोडायला गेलास तर दारू परत येईल. डॉक्टरीणबाई नेमकं उलट सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही सोडणारे दारूपासूनही जास्त दिवस दूर राहतात. मी कुणाचं ऐकू? थोरली आहेस, तुझं मत कळव.

संपदाचा नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे, फक्त तो चिवड्याखालून न पाठवता चिवड्यातूनच पाठव.

तुझा,
वासू

मिरज, २८ नोव्हेंबर २०२३

चि. वासूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. लगेच बाजारात जाऊन अडुळसा आणि ज्येष्ठमध आणला, सोबतच्या पुडीत आहे. सकाळ-संध्याकाळ काढा घे. वाफ घे. थंडीत पहाटे गंगेत उतरण्याचा शहाणपणा करू नकोस.

आता माझं मत. सिगारेट सोडू नकोस. कमी कर, दहावर ये, पण सोडू नकोस. शाळेत पस्तीस वर्षं मुलांना आरोग्याचे धडे शिकवलेली बाई हे लिहिते आहे, तेव्हा मला किती भीती वाटते आहे ते समज. आईचं शेवटचं वर्ष तुझ्या वाटेकडे डोळे लावण्यात गेलं. संपदा चार वर्षं माहेरी राहिली आणि तुझ्या भरवशावर नव्हे, सुमंतरावांच्या शब्दावर परत आली. तुझा खोकला मला चालेल. ते दुसरं मला आता सोसायचं नाही. सतरा वर्षं ज्या माणसानं निभावलं त्याचं ऐक. कालची पोर पुस्तकातलं बोलते.

इकडे सगळं क्षेम. ऋतुराजचा जर्मनीहून दर रविवारी फोन येतो, तिकडे बर्फ पडायला लागलाय. शेजारच्यांच्या मांजरीनं माझ्या गादीच्या कपाटात चार पिल्लं घातलीत, त्यामुळे पाहुण्यांसाठी सध्या गादी नाही. संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवीन. वड्यांखाली काय असेल ते तुला सांगायला नको.

संपदाला आशीर्वाद. ताईचा जीव तुझ्यात अडकलाय एवढं ध्यानात ठेव, बाकी काही नको.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
वाराणसी, ६ डिसेंबर २०२३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काढा घेतो आहे. इतका कडू आहे की तोच एक व्यसन सोडवायला पुरेल. पण तुझं मत मी मानणार नाही, आणि का मानणार नाही ते सविस्तर लिहितो. नाहीतर तू म्हणशील, विचारायचं कशाला होतं.

काशीला आलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडायचं ही रीत तुला माहीतच आहे. गेली तीस वर्षं मी यात्रेकरूंकडून ते सोडवून घेतो आहे. ताई, निम्म्याहून जास्त माणसं कारलं सोडतात! परवा पुण्याच्या एका गृहस्थांनी ड्रॅगन फ्रूट सोडलं. जन्मात दोनदा खाल्लं असेल. मीही गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या हातावर पाणी घालतो. त्या सोलापूरच्या कुटुंबात मात्र एक आजीबाई होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, चहा. मुलगे हसायला लागले. दुसऱ्या दिवशी गया-श्राद्धाचं विचारायला मी त्यांच्या लॉजवर गेलो, तर त्या डोक्याला पट्टी बांधून बसलेल्या. मला हळूच विचारलं, नुसतं गरम पाणी प्यायलं तर चालेल ना. मला तिथं उभं राहवेना.

मी गंगेत उभा राहून दारू सात वेळा सोडली आहे, तीही आजन्म. सातही वेळा मंत्र शुद्ध होते. त्यामुळे संकल्पाच्या वाटेला जायची मला लाज वाटायची. आमच्या बैठकीत तर कायमचं बोलायचं नाही, फक्त आजच्यापुरतं, असाच नियम. पण परवा एका यजमानाला संकल्प सांगताना माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. संवत्सर, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. आपण सगळा आजचाच दिवस सांगतो की! आजन्म हा शब्द मीच माझ्या पदरचा घालत होतो. तेव्हा परवा शुक्रवारपासून रोज पहाटे संकल्प करायचा, उद्याच्या सूर्योदयापर्यंत सिगारेट नाही. सूर्य उगवला की नवा. हा बेत सुमंतरावांना सांगितला. त्यांनी नुसती मान हलवली.

आता एक तुझ्यासाठी. मी एकटा का म्हणून कुढू? तूही माझ्याबरोबर मशेरी सोड. दचकू नकोस. न्हाणीघरातल्या कोनाड्यात दूध पावडरच्या डब्यात असते ती. तंबाखू तव्यावर भाजायला घेतलीस की घरभर ठसका उठतो आणि तू पाहुण्यांना सांगतेस, मिरच्या परतते आहे. हे मी आणि ऋतुराज गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहोत.

रागावलीस तरी उत्तर लिही. लोभात खंड नको, भांडणात पडला तर चालेल.

तुझा,
वासू

मिरज, १४ डिसेंबर २०२३

चि. वासूस,
आशीर्वाद. यावेळी अनेक नाहीत, एकच. वि. वि.

तुझी जीभ अजून तशीच आहे. मशेरी म्हणजे काय व्यसन आहे? दंतमंजन आहे ते. आई लावायची, आत्या लावायची, दोघींचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. मी सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि झोपताना एकदा दात घासते, त्याची तू तुझ्या पाकिटांशी बरोबरी करतोस? मी कधी मशेरी लावून कुणाच्या अंगणात पडले नाही.

हे लिहून पत्र दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. आता खरं लिहिते. दंतमंजनच आहे तर एक दिवस न लावून बघू, असं म्हणून मंगळवारी डबा उघडला नाही. दहाच्या सुमारास दूधवाल्याशी भांडले. अकराला मांजरीच्या पिल्लांवर ओरडले. बारा वाजता स्टुलावर चढून डबा काढला. एवढंच. यावरून काही सिद्ध होत नाही.

तू सुरू केलंच असशील. मला काळजीनं अन्न जात नाही. जड वाटलं तर लगेच ओढ, उगीच हट्टाला पेटू नकोस. आपल्या घरात हट्टानं कुणाचं भलं झालेलं नाही.

रागातही जो उरतो तो लोभ, तेवढा आहे.

तुझी,
ताई

वाराणसी, १९ डिसेंबर २०२३

ती. वन्संस,
संपदाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुम्हाला मी सहसा लिहीत नाही, ह्यांच्या पत्रात माझा नमस्कार असतोच. आज ह्यांना न सांगता लिहिते आहे.

ह्यांनी आठ तारखेपासून सिगारेट बंद केली. पहिले चार दिवस नुसते येरझारा घालायचे. मग चिडचिड सुरू झाली. आमटीत मीठ जास्त, पंखा का लावला, पंखा का बंद केला. थंडीत पंखा, वन्सं! शनिवारी एका यजमानावरच खेकसले. ह्यांचा आवाज चढला की मला जुने दिवस आठवतात. रविवारी सकाळी मला राहवलं नाही. तुम्ही पाठवलेल्यातलं एक पाकीट मी कपाटात ठेवलं होतं, ते काढून पहिल्यासारखं चहाच्या बशीशेजारी ठेवलं. ह्यांनी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा तसाच टाकला आणि बाहेर पडले. फोन घरीच.

दुपारपर्यंत आले नाहीत. मी सुमंतरावांना फोन केला. बैठकीलाही आले नव्हते. गल्लीतला एक रिक्षावाला म्हणाला, पंडितजींना सामनेघाटाच्या पुलाकडे सोडलं. पुलापलीकडे रामनगर. तिथल्या दारूच्या ठेक्यावर हे पूर्वी जायचे, कारण तिकडे आपल्या मराठी गल्लीतलं कुणी भेटत नाही. हे ऐकून मी देवासमोर जाऊन बसले, पण खरं सांगते, प्रार्थनासुद्धा सुचली नाही. माझी बॅग कुठे आहे तेवढं आठवत होतं.

संध्याकाळी सुमंतरावांबरोबर परत आले. तोंडाला वास नव्हता. मी जवळ जाऊन बघितला, लपवत नाही. दोन पोळ्या खाल्ल्या आणि झोपले. अजूनही सिगारेट ओढत नाहीत आणि त्या दिवसाबद्दल बोलतही नाहीत.

वन्सं, तुमचं ते ऐकतात. त्यांना लिहा की पुन्हा ओढायला लागा. धूर मला चालेल. मी दुसऱ्यांदा माहेरी जाणार नाही, माझ्यात तेवढं बळ उरलेलं नाही.

उत्तर लवकर लिहा. थोरल्यांचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची,
संपदा

मिरज, २५ डिसेंबर २०२३

चि. सौ. संपदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तसं उत्तर लिहायला बसले. तू मागितलंस तेच लिहिलं, ओढू दे त्याला. मग फाडलं. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा फाडलं. आता हे तिसरं आहे. वाचून झाल्यावर वासूला दाखव, माझी हरकत नाही.

उन्हाळ्यात दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. दाढ राहिली बाजूला, त्यांनी गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दाखवला. आरशात मलाही दिसला. नेमका तिथंच मी मशेरीचं बोट ठेवते. ते म्हणाले, हे ताबडतोब बंद करा आणि बारीकसा तुकडा काढून तपासायला द्या. मी बरं म्हटलं आणि घरी येऊन डबा उघडला. तपासणीला गेले नाही. आठ महिने झाले. ऋतुराजला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही.

आता लाजेची गोष्ट. वासूचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी लिहिलं, सोडू नकोस. तुला वाटलं, मलाही वाटलं, की भावाच्या काळजीपोटी लिहिलं. थोडी होतीच काळजी. पण त्याला सोड म्हटलं असतं, तर मलाही सोडावं लागलं असतं. तो ओढत राहिला तर माझा डबा कोनाड्यात राहणार होता. सख्ख्या भावाची छाती भात्यासारखी वाजते आहे आणि मी चिवड्याखाली पाकिटं भरते आहे. आणि वर स्वतःला प्रेमळ बहीण समजत होते.

रविवारी तू पाकीट ठेवलंस, त्यात तुझा दोष नाही. आपण दोघी आपली भीती त्याला खायला घालत होतो. आता कपाटातली पाकिटं बाहेर टाक. गंगेत टाकू नकोस, कचऱ्यात टाक. तो खेकसला तर तूही खेकस. आणि मला कळव, कारण तुझं पत्र आलं त्याच दिवशी मीही डबा रिकामा केला आहे. आज चौथा दिवस. सकाळपासून दोनदा रडले आणि एकदा विनाकारण सगळं घर पुसून काढलं. वासू दहा दिवस कसा राहिला ते त्याला विचारून लिही.

बॅगेचं मनात आणलंस त्यात काही चूक नाही, मीही तेच केलं असतं. तुझ्या पाठीशी आहे, आणि आता खऱ्या अर्थानं आहे.

तुझी,
वन्सं

॥ श्री ॥
वाराणसी, २ जानेवारी २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

संपदानं तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. मी ते दोनदा वाचलं. तुझ्यावर रागवावं असं मला एकदाही वाटलं नाही. उलट तूही आमच्यातलीच निघालीस म्हणून थोडं हसू आलं. पण त्या चट्ट्याचं वाचल्यापासून हसू गेलंय.

आधी त्या रविवारचं सांगतो, कारण ते अजून संपदालाही सांगितलेलं नव्हतं. पाकीट बघून मी रागावलो नव्हतो. ते ठेवताना तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मला बघवेना. रामनगरला गेलो हे खरं. ठेक्यासमोरच्या चहाच्या दुकानात बाकावर बसलो. तीन तास बसलो. आणि ताई, तुझ्या भावाचं भटजीचं डोकं काय म्हणालं ऐक. म्हणालं, आज पहाटेच्या संकल्पात धूम्रपान एवढंच होतं. मद्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा दारू प्यायली तर संकल्प मोडत नाही! मी हे अगदी शास्त्रार्थ केल्यासारखं मनात दोनदा तपासून पाहिलं आणि बरोबर निघालं. उठलोसुद्धा. मग मला माझ्या अकलेची इतकी दहशत बसली की मी मोठ्यानं हसलो. चहावाल्यानं वळून बघितलं. त्याला पैसे दिले आणि पुलाकडे चालू लागलो.

पुलावर पाच ठिकाणी दम खायला थांबलो. अर्ध्या वाटेवर समोरून सुमंतराव येताना दिसले, मला शोधत. दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. त्यांचा हात खिशात गेला, पाकीट बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. मग म्हणाले की त्यांनी स्वतः तीनदा सोडून पाहिली होती, जमलं नाही. म्हणून नव्या माणसाला ते सांगत आले, आत्ता नको. सतरा वर्षं हेच सांगत आले. बोलताना त्यांचे डोळे भरले होते. ते अजूनही ओढतात, पण बैठकीनंतर आता खाली नावांपाशी जाऊन ओढतात. दोघं-तिघं माझ्याशेजारी शेंगदाणे खात बसतात. डॉक्टरीणबाईंनी चघळायच्या गोळ्या दिल्यात, त्यांचा उपयोग होतो. संकल्पात आता दोन्ही शब्द घालतो. आज सव्विसावा दिवस आहे.

आता तुझं. उद्याच्या उद्या डॉक्टरांना फोन कर आणि तारीख घे. मी धाकटा असलो तरी हे सांगतो आहे. ऋतुराजलाही कळव. मी येऊ का, असं विचारायचं मनात फार आहे. पण माझ्या येण्यानं आजवर तुझ्या घरात काळजीच वाढलेली आहे, त्यामुळे विचारायला तोंड नाही. इथूनच रोज पहाटे तुझ्याही नावाचा एक संकल्प म्हणेन. दिवस काढायची गोष्ट आहे, ताई. दहाव्या दिवशी फार वाईट वाटतं, मग उतरतं.

लोभ तुझ्याकडून खूप घेतला. यापुढे थोडा इकडूनही येऊ दे.

तुझा,
वासू

मिरज, ९ जानेवारी २०२४

चि. वासूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. दहाव्या दिवसाचं तू लिहिलंस ते बरोबर होतं. तो गेला. आज एकोणिसावा आहे. मांजरीची पिल्लं आता मला बघून पळत नाहीत.

डॉक्टरांना फोन केला. मंगळवार, तेवीस तारीख, सकाळी साडेदहा. गालातला तुकडा काढून सांगलीला पाठवणार आणि आठवड्यानं सांगणार. डॉक्टर म्हणाले, नुसता चट्टाही असू शकतो आणि नसूही शकतो. त्यापुढं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऋतुराजला काल कळवलं. तो लगेच निघतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

ऋतुराजच्या लग्नाला तू आलास तेव्हा मी स्टेशनवर चौघांना पाठवलं होतं, आठवतं? दोघे तुला धरायला, एक सामान घ्यायला आणि एक आधी पुढे येऊन मला सांगायला, की पाहुण्यांसमोर आणण्यासारखा आहेस की नाहीस. तू नव्हतास. तुला मागच्या दारानं आत घेतलं आणि माडीवर निजवलं. खाली मंगलाष्टकं चालली होती आणि माझं सगळं लक्ष जिन्याकडे होतं. त्यानंतर तू येतो म्हटलंस की मी काहीतरी कारण काढायची, गादी नाही, पाणी नाही, रंगकाम चाललंय. तुलाही ते समजत होतं.

तीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. तू दिलं नसतंस असं नाही. तू पोचशील की नाही हेच मला ठाऊक नसायचं. आज मागते आहे. त्या दवाखान्याच्या बाकावर एकटीनं बसायची मला भीती वाटते, वासू. सगळ्यांना वाटतं ताईला भीती वाटत नाही. वाटते. तू ये.

पुण्याला गाडी बदलावी लागते आणि स्टेशनच्या बाहेर सगळं मिळतं, हे मला माहीत आहे. संपदा बरोबर येते म्हणेल, तिला सांग की ताईनं एकट्यालाच बोलावलंय. मिरजेला गाडी सकाळी लागते. न्यायला मी कुणालाही पाठवणार नाही. पुढचं दार उघडं ठेवीन.

लोभ काय करायचा तो इथं येऊन कर.

तुझी,
ताई